सोमवार ते शनिवार देवाच्या सान्निध्यात

पुण्यातल्या कुठल्याही मंडळीत, उपासना संपल्यावर, चहाचा कप हातात असताना हळूच ऐकू येणारी एक तक्रार आहे. रविवारी मन भरून येतं, आशीर्वचन घेऊन बाहेर पडताना वाटतं की या आठवड्यात प्रभूला विसरायचं नाही, आणि सोमवारी साडेनऊला हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलं की तो रविवार कुठल्या कुठे गेलेला असतो. पाळकांना विचारावं तर उत्तर ठरलेलं: प्रार्थना वाढवा, वचन वाचा. उत्तर बरोबरच आहे. पण डबे भरताना की भरून झाल्यावर, किती वेळ, घरात दहा माणसं असली तर कुठे बसून, हे सहसा कोणी सांगत नाही. इथे तेवढंच सांगायचं आहे.

आधी दोन गैरसमज

पहिला असा की देवाला बोलवावं लागतं. भावाला फसवून पळालेला याकोब उशाला दगड घेऊन माळावर झोपला. तिथे ना मंदिर होतं, ना याजक, आणि त्याचं मनही काही शुद्ध नव्हतं. जागा झाल्यावर तो म्हणाला की परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते ठाऊकच नव्हतं (उत्पत्ती २८:१६). देव तिथे नव्याने आलेला नव्हता. जाग याकोबाला आली. पौलानेही अथेन्सच्या लोकांना, म्हणजे मंडळीबाहेरच्या माणसांना, हेच सांगितलं की देव आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही (प्रेषितांची कृत्ये १७:२७). आपल्या प्रार्थनासभांत ‘प्रभू, ये, आमच्यामध्ये ये’ असं कळवळून म्हणतात, त्यात गैर काही नाही. पण वर्षानुवर्षं तेच कानावर पडलं की देव एरवी कुठेतरी बाहेरगावी असतो असं वाटायला लागतं.

दुसरा गैरसमज जास्त त्रास देतो: सान्निध्य म्हणजे अंगावर शहारा, डोळ्यांत पाणी. कधी कधी तसं होतं, नाही असं नाही. पण रोजची जाणीव वेगळ्या जातीची असते. गॅसवर कुकर चढवून आपण शेजारणीशी बोलतो, मुलाचा अभ्यास घेतो, पेपर चाळतो आणि तरी किती शिट्ट्या झाल्या हे आपल्याला माहीत असतं. लक्ष सगळं दुसरीकडे, कान मात्र तिकडे. कमवायची आहे ती ही सवय. ती भावनेने येत नाही, सरावाने येते, आणि सराव छोटा असला तरच टिकतो.

पहिली पायरी: मोबाइलच्या आधी दोन मिनिटं

उठल्याबरोबर हात मोबाइलकडे जातो. तो जाण्याआधीची दोन मिनिटं घ्या. पाच नको, दहा नको. ‘उद्यापासून पहाटे पाचला तासभर प्रार्थना’ असे संकल्प जानेवारीत सुरू होतात आणि जानेवारीतच संपतात. अंथरुणावरच बसा. पाठ ताठ ठेवा, दोन-तीन श्वास सावकाश घ्या आणि मनातल्या मनात साध्या मराठीत म्हणा: ‘प्रभू, तू इथे आहेस. आजचा दिवस तुझ्यासमोर आहे.’ मागण्या लगेच मांडू नका. त्या दिवसभर होणारच आहेत.

मग एक वचन. अध्याय नव्हे, एकच वचन, आणि आठवडाभर तेच. सुरुवातीला स्तोत्र १६:८ घ्या: परमेश्वराला मी नित्य माझ्यासमोर ठेवलं आहे, या अर्थाचं. नंतर स्तोत्र २३ ची पहिली ओळ, मग स्तोत्र १३९:५, यशया ४१:१०, मत्तयाचं अगदी शेवटचं वचन. महिना सहज निघतो. वचन मोबाइलवर वाचू नका, कारण वचनाच्या वर तीन मेसेज आलेले दिसतात आणि संपलं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहून ओट्यासमोरच्या टाइलवर चिकटवा.

भाषा कळणारी हवी. घरात आजोबांच्या काळची प्रत असेल आणि तिच्यातले शब्द अडत असतील, तर सोपं भाषांतर घ्यायला लाजू नका. पुण्यापासून जवळच, दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं तिथल्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली, आणि तेही फारसं न शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्या वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडलं. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेला सोपं लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही. आपल्याला सोपं वाचणं का वाटावं?

एका खोलीच्या घरात एकांत कसा मिळायचा, हा प्रश्न खरा आहे. येशूही पहाटे अंधारात उठून घराबाहेर, ओसाड जागी गेला होता (मार्क १:३५). त्याला तरी घरात जागा कुठे होती. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी गोळा झालं होतं. गच्ची, जिना, गॅलरी, पाण्याची मोटर लावायला खाली जावं लागतं ती पाच मिनिटं, काहीही चालेल. घरात एकटेच विश्वासात आलेले असाल आणि बाकीच्यांना आवडत नसेल, तर डोळे मिटण्याची किंवा गुडघे टेकण्याचीही गरज नाही. कणीक मळताना मनातल्या मनात केलेली प्रार्थनाही पोचते.

दुसरी पायरी: जे करताच आहात, त्यालाच जोडा

सगळी मेख या पायरीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. आधी सैनिक, मग मठातले स्वयंपाकी, पुढे पाय दुखू लागल्यावर चपला दुरुस्त करणारे. प्रार्थनेचा तास आणि स्वयंपाकघरातला गोंधळ या दोन्हींत आपल्याला देव सारखाच जवळ असतो, असं ते सांगत. हे ऐकून बरं वाटतं, पण त्यांनीच पत्रात लिहून ठेवलेली दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: सुरुवातीची सुमारे दहा वर्षं त्यांना फार जड गेली. तेव्हा पंधरवड्यात काही झालं नाही म्हणून निराश होऊ नका.

दिवसभरात न चुकता होणाऱ्या दोन गोष्टी निवडा. दोनच. घराचं कुलूप लावणं. चहाचं आधण ठेवणं. मेट्रोचा सरकता जिना. लॅपटॉपचा पासवर्ड टाकणं. दवाखान्यात काम असेल तर प्रत्येक पेशंटच्या आधी हात धुणं. ती गोष्ट घडली की एक वाक्य मनात म्हणायचं. वाक्य एका श्वासात मावलं पाहिजे. ‘प्रभू, तू माझ्याबरोबर आहेस’ चालेल. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ (लूक १८:१३) ही प्रार्थना तर तयारच आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत तिच्यासारखीच येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हणायची पद्धत शेकडो वर्षांची आहे.

दुचाकीवर असाल तर एवढं पाळा: हे वाक्य सिग्नलला थांबल्यावर, डोळे उघडे ठेवून. विद्यापीठ चौकात थांबायला वेळ भरपूर मिळतो.

काहींना हा प्रकार परका वाटेल, काहींना उलट फारच ओळखीचा. देहू आणि आळंदी ज्या जिल्ह्यात आहेत तिथे नाम घेत काम करणं कोणाला शिकवावं लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे चांगलं ठाऊक होतं. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते म्हणत, आणि त्यांनी ख्रिस्ताला वाहिलेले अभंग आणि पदं आजही आपल्या मंडळ्यांत पेटी-तबल्यावर म्हटली जातात. माझं मत विचाराल तर ज्याला प्रार्थनेचे शब्द सुचत नाहीत त्याने गाण्याचा आधार घ्यावा. रविवारी म्हटलेल्या भजनाचं एकच कडवं आठवडाभर गुणगुणा, भांडी घासताना, पार्किंगमधून गाडी काढताना. लांब प्रार्थना तोंडातून निसटते, चाल निसटत नाही.

जुन्या चर्चच्या घंटा याच कामासाठी होत्या. कॅथलिक परंपरेत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घंटा झाली की हातातलं काम थांबवून देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना म्हणतात. दानीएलही परक्या देशात, नोकरीत असताना, दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकत असे (दानीएल ६:१०). गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चचा घंटामनोरा लांबून दिसतो. त्या बाजूने रोज जाणं-येणं असेल तर नुसतं त्याच्याकडे नजर जाणं हेही निमित्त होऊ शकतं. मोबाइलचा गजर लावला तरी हरकत नाही, फक्त दिवसातून एकच. दर तासाला वाजणारा गजर तिसऱ्या दिवशी आपण न बघताच बंद करतो.

आणि विसरलात तर? विसरणारच. संध्याकाळी सहाला लक्षात आलं की सकाळपासून एकदाही आठवण झाली नाही, तर त्या क्षणी आठवण झालीच आहे. तिथून पुढे चला. स्वतःला दोष देत बसण्यात आणखी दहा मिनिटं घालवू नका.

तिसरी पायरी: कामाच्या मधोमध

नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने विचारलं, तुझं मागणं काय? नहेम्या लिहितो की मी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो (नहेम्या २:४-५). प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये किती वेळ गेला असेल? राजा काही डोळे मिटून वाट बघत बसला नव्हता. मीटिंगमध्ये साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, ‘हे का झालं नाही?’, सोसायटीच्या सभेत कोणी आवाज चढवला, वर्गात मूल उलटून बोललं, तेव्हा उत्तराच्या आधीचा तो एक श्वास देवाकडे वळवायचा. ‘प्रभू, शब्द दे.’ बस. ही सवय लागली की उत्तर थोडं उशिरा येतं. बहुतेक वेळा त्याने नुकसान होत नाही.

काम सुरू करताना ते प्रभूच्या हाती देणं (कलस्सै. ३:२३) हे याच्या जोडीला. त्यासाठी वेगळी प्रार्थना लागत नाही. खुर्चीत बसताना ‘हे तुझ्यासाठी’ एवढं पुरे. मात्र त्याचा एक अर्थ असाही होतो की खोटं बिल, वाढवलेला प्रवासखर्च, दुसऱ्याच्या नावावर ढकललेली चूक यांच्या आधी ‘हे तुझ्यासाठी’ म्हणता येत नाही. तोंड अडखळतं. ते अडखळणं चांगलं आहे.

एक सावधगिरी. सराव सुरू केला की काही जण सगळीकडे खुणा शोधू लागतात. सिग्नल हिरवा मिळाला, म्हणजे देवाची इच्छा; मुलाखतीला जाताना पाऊस आला, म्हणजे देवाचा नकार. देव सोबत आहे याचा अर्थ तो प्रत्येक सिग्नलमधून आपल्याला निरोप पाठवतो असा नाही. मोठे निर्णय वचन, प्रार्थना आणि दोन-चार शहाण्या माणसांचा सल्ला यांवरच घ्यावेत.

चौथी पायरी: समोरचा माणूस

ही पायरी लिहायला सगळ्यात सोपी आणि करायला सगळ्यात अवघड. मत्तय २५ मध्ये भुकेला, तान्हेला, परका, आजारी, कैदी या प्रत्येकात मी होतो, असं प्रभू म्हणतो. म्हणून रोज एका माणसाकडे, एरवी ज्याच्याकडे आपण नीट बघतही नाही अशा माणसाकडे, थांबून बघा: वॉचमन, कचरा न्यायला येणारी ताई, जेवण पोचवणारा मुलगा, लिफ्टमध्ये रोज भेटणारे आजोबा. नाव विचारा. पाणी विचारा. त्याला सुवार्ता सांगण्याच्या तयारीने जाऊ नका, नुसतं बघा.

सान्निध्याची जाणीव वाढते आहे की नुसतं वाटतं आहे, हे ओळखायची खरी कसोटी इथे आहे, प्रार्थनेच्या वेळी काय जाणवतं यात नाही. पहाटेच्या मननात डोळे पाणावले आणि आठ वाजता कामवाल्या मावशी उशिरा आल्या म्हणून त्यांच्यावर ओरडलो, तर योहानाचं पहिलं पत्र, चौथा अध्याय, विसावं वचन काढून वाचावं.

पाचवी पायरी: रात्रीची उजळणी

देव दिवसा क्वचितच ओळखू येतो. बहुतेकदा मागे वळून बघताना कळतं. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालले, बोलले आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. भाकर मोडल्यावर डोळे उघडले, आणि मग ते म्हणाले की वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण तापत नव्हतं का (लूक २४). म्हणून दिवसाकडे मागे वळून बघण्याला मी सकाळच्या प्रार्थनेइतकंच महत्त्व देईन. थोडं जास्तच.

ही पद्धत कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी बांधून दिली आणि त्यांचे येशूसंघीय (जेझुइट) फादर ती दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, करतात. नगर रस्त्यावरच्या दे नोबिली कॉलेजात पुण्याला या मंडळींचा मोठा शेजार आहे. प्रोटेस्टंट वाचकांनी बिचकू नये. ‘हे देवा, मला पारख, माझं मन जाण’ हे स्तोत्र १३९ चं मागणंच यात आहे.

दिवा मालवण्याआधी दहा मिनिटं पुरतात. समजा, तुम्ही कॅम्पात एका बँकेच्या काउंटरवर आहात. आधी थोडं स्वस्थ बसा आणि म्हणा, ‘प्रभू, आजचा दिवस मला तुझ्या डोळ्यांनी दाखव.’ मग आभार, पण ठरावीक नव्हेत. ‘आरोग्य, अन्न, कुटुंब’ ही यादी आपण झोपेतही म्हणतो. आजचंच काहीतरी धरा: डब्यातली मैत्रिणीने दिलेली अळूवडी, येताना बसमध्ये मिळालेली खिडकी.

आता दिवस घड्याळाप्रमाणे पुढे सरकवा. सकाळी घर सोडलं, बस, दहा वाजता काउंटर उघडलं, अकराला पेन्शनचं पासबुक घेऊन आलेले आजोबा तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते आणि तुम्ही तुटकपणे बोललात. तिथे थांबा. स्वतःला झोडपायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. नुसतं विचारा, त्या वेळी मी कशाच्या भीतीत होतो? मागची रांग? मॅनेजर बघत होते? मग पुढे. दुपारी सहकाऱ्याने घरची अडचण सांगितली आणि तुम्ही मोबाइल खाली ठेवून ऐकलंत. तिथेही थांबा. त्या दहा मिनिटांत मन हलकं होतं, वेळ गेल्याचं कळलं नाही. अशा जागा ओळखायच्या: कुठे मन देवाकडे, माणसांकडे उघडलं आणि कुठे मिटलं. चुकलं त्याची क्षमा मागायची आणि शेवटी उद्याचा एकच प्रसंग, जो अवघड जाणार असं वाटतं, तो देवापुढे ठेवायचा.

मधेच झोप लागली तर लागू द्या. ज्यांना लिहायची सवय आहे त्यांनी वहीत दोन ओळी लिहाव्यात. दोन-तीन महिन्यांनी मागची पानं चाळली की तीच ती माणसं, त्याच त्या वेळा पुन्हा पुन्हा दिसतात आणि बरंच काही कळतं. रात्रपाळी असेल तर ही उजळणी सकाळी घरी परततानाच्या बसमध्ये करा.

मंडळीचा हात

हे सगळं एकट्याने फार काळ निभत नाही. घरगुती प्रार्थनासभेत एक प्रश्न सुरू करून बघा: ‘या आठवड्यात देवाची आठवण कुठे झाली?’ उत्तर एक-दोन वाक्यांत. मोठी साक्ष नको, चमत्कार नको. ‘गॅस संपला तेव्हा’ हेही उत्तर आहे. आणि ‘कुठेच नाही’ हेही. ज्या गटात हे दुसरं उत्तर बिनदिक्कत देता येतं तो गट जपून ठेवावा. प्रभुभोजनाच्या किंवा मिस्साच्या आधी पाच मिनिटं लवकर जाऊन आठवड्याची उजळणी केली तर मेजापाशी रिकाम्या हाताने जावं लागत नाही. शहरात काम असणाऱ्यांसाठी एक सोय आहे: रोजच्या मिस्सासाठी उघडणारी कॅथलिक चर्चेस. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च तर पेशव्यांच्या काळापासून, १७९२ पासूनचं. मागच्या बाकावर दहा मिनिटं बसायला कोणाची हरकत नसते, मग तुम्ही कुठल्याही मंडळीचे असा.

काहीच जाणवत नाही तेव्हा

असे दिवस येतात, कधी महिने येतात. कोणी म्हणेल पाप असेल, कोणी म्हणेल विश्वास कमी. इतक्या घाईने निदान करू नये. स्तोत्र ८८ अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांनाही वर्षानुवर्षं देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं, आणि त्या काळातही त्या रोज उठून कामाला जात होत्या. अशा दिवसांत सराव वाढवू नका, कमी करा. सकाळचं एक वाक्य आणि रात्रीचा एक आभार एवढंच ठेवा. स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, ‘किती काळ?’ असं देवाला विचारायची तिथे मुभा आहे.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून उपवास धरू नका. डॉक्टरांकडे जा, घरातल्या एका माणसाला सांगा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि खायला दिलं, तेही दोनदा. होरेब डोंगरावरची देवाची मंद वाणी त्यानंतरची (१ राजे १९).

घरात मुलं असतील तर

त्यांना यातलं काही शिकवायला बसू नका. रात्री झोपताना एवढंच विचारा की आज कशाचा आनंद झाला आणि कशाचं वाईट वाटलं, आणि तुमचंही खरं सांगा. जेवणाची प्रार्थना त्यांनाच म्हणू द्या. मांजरीपासून शाळेच्या बसवाल्या काकांपर्यंत सगळ्यांची नावं घेत ती लांबेल. लांबू द्या, आमटी परत गरम करता येते.